बैलाचा कान

माझा नातू पुस्तकं वाचतो. हे वाक्य मी बागेतल्या बाकावर उच्चारतो तेव्हा शेजारच्या आजोबांचे चेहरे बघण्यासारखे होतात. त्यांचे नातू काय काय करतात ते मला एव्हाना पाठ झालंय. कुणाचा कराटे करतो, कुणाचा कीबोर्ड बडवतो, एकाचा तर म्हणे घोड्यावर बसतो. दादरला घोडा कुठं मिळतो ते मी विचारलेलं नाही. पण वाचणारा नातू त्या बाकावर माझा एकट्याचा. तेव्हा परवा त्यानं पुस्तकातून डोकं वर काढून, “आजोबा, तुम्हाला हौसा माहीत आहे का?” असं विचारलं, तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, “म्हणजे काय! आहेच मुळी!”

आमच्या चाळीत हौसामावशी होत्या. कुरडया घालाव्यात तर हौसामावशींनी, आणि त्या वाळत घालण्याच्या जागेवरून भांडण काढावं तर तेही हौसामावशींनीच. मी पाचेक मिनिटं त्यांच्यावर बोललो. नातवानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं (हा गुण त्याच्या आजीकडून आलेला नाही) आणि मग म्हणाला, “आजोबा, हौसा हे आफ्रिकेतले लोक आहेत. नायजेरियाच्या उत्तरेला राहतात. नायजरमध्ये पण.”

पुस्तक एका मुलाच्या साहसाचं होतं. पोरगा घरातून निघतो, रानावनांत भटकतो, भल्याभल्यांना चकवतो, स्वतःही चार ठिकाणी फसतो आणि शेवटी मोठा होऊन परत येतो. लेखकानं हा सगळा मालमसाला हौसा लोकांच्या जुन्या गोष्टींतून उचललेला. त्यांच्या गोष्टींत गिझो म्हणून एक महाबिलंदर कोळी आहे. हे मला दोनदा सांगावं लागलं, कारण पहिल्यांदा मी तो मासे पकडणारा समजलो. हा आठ पायांचा. आपल्याकडे गोष्ट संपली की साठा उत्तरांची पाचा उत्तरी होते. हौसा आजी गोष्ट संपवताना म्हणे उंदराचं मुंडकं उडवते. म्हणजे तसे शब्द उच्चारते. आमच्या घरात ही पद्धत सुरू करायला सौ.ची हरकत नाही, उंदीर खरा असेल तर.

पण नातवाला सगळ्यांत आवडला होता तो बायाजिद्दा. हा मूळचा बगदादचा राजपुत्र. भटकत भटकत एका रात्री दौरा नावाच्या गावी येतो. (आमच्या नोकरीत दौरा म्हटलं की भत्ता आठवायचा, इथं अख्ख्या गावाचं नाव दौरा.) येतो आणि एका म्हातारीच्या दारात उभा राहून पाणी मागतो. म्हातारी म्हणते, बाबा, आज कसलं पाणी? आमच्या विहिरीत एक भला मोठा साप आहे. तो फक्त शुक्रवारी पाणी भरू देतो. बायाजिद्दा म्हणतो, बादली आण. रात्रीच विहिरीवर जातो, साप डोकं वर काढतो, हा ते छाटतो आणि पिशवीत घालून झोपायला जातो. सकाळी राणी जाहीर करते, साप मारणाऱ्याला अर्धं गाव बक्षीस. लगेच गावातले दहा जण पुढं सरसावतात. पण डोकं? ते कुणाकडेच नाही. मग हा आपली पिशवी उघडतो. अर्धं गाव नको म्हणतो, राणीशीच लग्न लावतो, आणि त्याच्या वंशातून पुढं हौसांची सात राज्यं उभी राहतात. ती विहीर दौऱ्याला अजून दाखवतात.

“आपल्याकडे आहे असा कुणी?” नातवानं विचारलं. मी तोंड उघडलं तसा तो घाईघाईनं म्हणाला, “शिवाजी महाराज सोडून. ते इतिहासात येतात, त्यांच्यावर मार्क असतात. गोष्टीतला सांगा.”

आजोबा होणं सोपं नसतं हो. पण त्या क्षणी मला जव्हार आठवलं, आणि जव्हारबरोबर जयाबा मुकणे.

जव्हार तुम्हाला माहीत असेल. डोंगरावरचं गाव, थंड हवा. पूर्वी त्याला ठाणे जिल्ह्याचं महाबळेश्वर म्हणत. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा हे महाबळेश्वर ठाण्याच्या हातून गेलं. १९४८ सालापर्यंत तिथं महादेव कोळी घराण्याचं संस्थान होतं. त्याचा मूळपुरुष हा जयाबा. १८८२ सालच्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात त्याला पौपेरा म्हटलंय. थळ घाटाजवळ मुकणे इथं त्याची एक मातीची गढी होती. एवढाच प्रपंच. एकदा हा पिंपरीच्या देवस्थानाला गेला असताना तिथं पाच कोळी बैरागी भेटले. त्यांनी ह्याला आशीर्वाद दिला आणि जव्हारचा राजा म्हणून मुजरा ठोकला. आता तुम्हांआम्हांला कुणी असा मुजरा ठोकला तर आपण आधी खिसा चाचपू. ह्यानं माणसं जमवली आणि निघाला. पेठला गेला, धरमपूरला गेला, सुरतेला गेला, थेट काठेवाडात पोचला आणि सात वर्षं तिथं राहिला.

“सात वर्षं काय केलं?”

“मोठा झाला,” मी म्हणालो. आजोबांना सुचतात कधी कधी उत्तरं.

परत आला तो जव्हारला. तिथं तेव्हा एक वारली राजा राज्य करत होता. जयाबानं त्याच्याकडे जागा मागितली. किती? तर एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढी. वारली राजा हसला असणार. म्हणाला, घे. जयाबानं कातड्याच्या बारीक बारीक वाद्या काढल्या, एकीला एक जोडली आणि त्या दोरीचा वेढा वारल्याच्या गढीलाच घातला! राज्य गेलं. वारली राजाला मोबदला म्हणून गंभीरगड आणि आसपासचा मुलूख मिळाला. नाव प्रसंगाला शोभणारं आहे. बिचारा गंभीर न होऊन करतो काय? पुढं जयाबाच्या मुलाला, नेमशहाला, दिल्लीच्या सुलतानानं राजा म्हणून मान्यता दिली. ५ जून १३४३ हा तो दिवस. त्या दिवसापासून जव्हार संस्थानचा स्वतःचा शकसुद्धा चालू झाला.

मला वाटलं, नातू टाळ्या वाजवील. त्यानं कागद-पेन्सिल घेतली. बैलाचं कातडं चाळीस चौरस फूट धरलं आणि वाद्या एक सुताच्या धरल्या, तर दोरी होते ३८४० फूट, आणि तिचा गोल वेढा घातला तर आत जमीन येते जवळजवळ सत्तावीस एकर. हिशेब मीही पडताळून पाहिला. चौतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला दुसऱ्याचा हिशेब पडताळल्याशिवाय जेवण जात नाही.

“जमतंय,” नातू म्हणाला. “पण आजोबा, हे चीटिंग आहे. तो कातडं म्हणाला होता, दोरी नाही. आणि ही गोष्ट ऐकल्यासारखी वाटते.” मग त्यालाच आठवलं. कार्थेजच्या डायडो राणीनं हाच खेळ केला होता, उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर. म्हणजे मी आफ्रिकेला तोडीस तोड म्हणून काढलेलं पानही आफ्रिकेतलंच निघालं!

चीटिंगचं म्हणाल तर त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. ही गोष्ट मी जव्हारला दोघांकडून ऐकली होती. राजवाड्याच्या बाजूला राहणाऱ्या एका गृहस्थांनी सांगितली तेव्हा ते वाद्यांपाशी इतके रंगले, की चहा निवला. आमच्या शाखेचा शिपाई वारली होता. त्याला मी विचारलं तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग एवढंच म्हणाला, “सायेब, बैल कोनाचा होता त्ये कोनी सांगत नाय.”

“तुम्ही जव्हारला होतात ना?” नातू म्हणाला. “मग तुम्ही तिथं काय ॲडव्हेंचर केलं?”

हा प्रश्न येणार हे मला दिसत होतं. मी चष्मा पुसला. मग पुन्हा पुसला.

त्याचं असं झालं. १९८२ साली मी चोवीस वर्षांचा होतो आणि बँकेनं मला जव्हारच्या बाजूला पाठवलं. मी दादरच्या नळाखाली वाढलेला. मुंबईच्या नळांना येणारं कितीतरी पाणी वैतरणेचं, आणि ती वैतरणा मोखाड्याच्या डोंगरांतून वाहत येते, हे मला शाळेत भूगोलाला होतं. तो धडा मी ऑप्शनला टाकला होता.

ते दिवस एकात्मिक ग्रामीण विकास योजनेचे. आदिवासी शेतकऱ्याला बैलासाठी कर्ज, निम्मी रक्कम सरकारी अनुदान. बैलाचा विमा उतरवायचा आणि खूण म्हणून त्याच्या कानात नंबराचा बिल्ला ठोकायचा. बैल मेला तर शेतकऱ्यानं बिल्ल्यासकट कान हजर करायचा. बिल्ला नाही तर भरपाई नाही. नियम ज्यानं केला त्यानं जयाबाची गोष्ट नक्की ऐकलेली असणार. कातड्यावर विश्वास ठेवायचा नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मे महिन्यात मोखाड्याच्या पलीकडून, खोडाळ्याच्या बाजूच्या एका पाड्यावरून निरोप आला, कर्जाचा बैल मेला. साहेबांनी मला पंचनाम्याला धाडलं. बरोबर शिपाई. एसटीतून उतरून दोन तास चाल होती. माझ्या अंगात टेरिकॉटची पँट, पायांत बूट, डोळ्यांवर गॉगल आणि खांद्याला रेक्झीनची बॅग. त्या रानात मी कसा दिसत असेन याची आज कल्पना करवत नाही. पाड्यावर पोचलो तेव्हा मी अर्धा वितळलो होतो. कुडाच्या घरातून एक बाई बाहेर आली. तिनं काही न बोलता भरलेला हंडा आणि तांब्या आणून ठेवला.

मी तीन तांबे पाणी प्यालो. इथवर ठीक होतं. पण माझ्यावर लहानपणापासून संस्कार! बाहेरून आलं की हातपाय धुवावेत. मी बूट काढून पाय धुतले. चांगले घोट्यापर्यंत, चोळून चोळून. मग तोंड धुतलं, मानेवर पाणी मारलं, रुमाल पिळून डोक्यावर ठेवला आणि उरलेल्या पाण्यात गॉगलही विसळला. शिपाई मागं उभा राहून सारखा खोकत होता. ह्याला उन्हाची ढास लागली असेल असं मला वाटलं.

मग मी कागद काढले. बैल पाच दिवसांपूर्वी मेला होता. कातडं सोलून गेलं होतं. बाकीचं खाली घळीत टाकलेलं, गिधाडांना.

“कान?” मी विचारलं.

बाईनं शिपायाकडे पाहिलं. घरधनी कामासाठी भिवंडीकडे गेलेला. त्यानं कर्जाच्या कागदावर अंगठा केला होता. कागद इंग्रजीत होता. कान ठेवायचा असतो हे त्याला कुणी सांगितलं होतं की नाही, देव जाणे. मी बँकेच्या माणसाचा आवाज काढून म्हणालो, “कान नसेल तर नियमात बसत नाही.” हे वाक्य पुढं मी नोकरीत शेकडो वेळा म्हणालो असेन. पहिल्यांदा म्हणालो ते तिथं, ओल्या पायांनी.

दाराशी दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा उभा होता. चड्डी कमरेवर राहावी म्हणून करदोड्यात खोवलेली. तो ऐकत होता. मी मान खाली घालून फॉर्म भरला आणि मान वर केली तेव्हा तो तिथं नव्हता.

तास-दीड तासानं आला. ढोपरं फुटलेली, पोटावर ओरखडे, हातात सागाच्या पानांची पुडी. त्यानं ती माझ्यापुढं उघडली. आत काय होतं त्याचं वर्णन करत नाही, तुमची जेवणाची वेळ असेल. पण बिल्ला होता आणि त्यावरचा नंबर लख्ख वाचता येत होता. त्यानं बिल्ला चड्डीला घासून पुसला होता, धुतला नव्हता.

मी बोटांच्या चिमटीत पुडी धरली आणि सवयीनं म्हणालो, “जरा हातावर पाणी घाल रे.”

मुलानं हंड्यात वाकून पाहिलं. हंडा उचलला आणि निघाला.

शिपायाचा खोकला त्या वेळी थांबला. तो म्हणाला, “सायेब, त्ये पानी तिनं पहाटे तीनला उठून आनलं होतं. आता परत जायचं म्हंजे दुपार गेली.”

माझे कान इतके तापले, की बैलाच्या जागी त्यांनाच बिल्ला मारायला हरकत नव्हती. मी त्या मुलामागं धावलो. म्हणजे बूट हातात घेऊन, धोंड्यांवरून, धावलो असं मला वाटलं. शिपाई पुढं कित्येक दिवस शाखेत त्याची नक्कल करून दाखवायचा. झिरा अर्ध्या तासावर होता. कोरड्या ओढ्याच्या पात्रात कमरेइतका खड्डा, तळाशी ओंजळभर पाणी, आणि काठावर नऊ बायका नंबर लावून. वाटीनं पाणी घ्यायचं, हंड्यात ओतायचं आणि खड्ड्यात पुन्हा पाझरेपर्यंत वाट बघायची. बायकांनी मला बघून आपापसांत काहीतरी म्हटलं आणि खूप हसल्या. पण नंबर पुढं दिला नाही. आमची पाळी आली तेव्हा मी पाऊण तास वाटी धरून बसलो होतो. येताना हंडा मी उचलला. शंभरेक पावलांत माझी पँट गुडघ्यापर्यंत भिजली तसा मुलगा थांबला. त्यानं माझ्या हातून हंडा काढून घेतला आणि आपल्या डोक्यावर ठेवला. रागानं नव्हे. एक थेंब सांडत नव्हता त्याच्या हंड्यातून.

अख्ख्या दिवसात तो माझ्याशी एकदाच बोलला. पाड्याजवळ आल्यावर त्यानं विचारलं, “आता बसतो का नियमात?”

बसला. पण तो कान जव्हारपर्यंत न्यायचा होता! शेवटच्या एसटीत मी बॅग मांडीवर घेऊन बसलो. सुरुवातीला माझ्या शेजारी दोघं जण होते. मोखाडा सोडल्यावर एक उठून मागं गेला. पुढच्या वळणावर दुसरा. मग कंडक्टर नाकाला रुमाल लावून आला आणि म्हणाला, “सुकी मासळी टपावर टाका, पावनं.”

“बँकेचे कागद आहेत,” मी म्हणालो.

“कधी मेले?” कंडक्टरनं विचारलं.

शाखेत साहेबांनी खिडक्या उघडायला लावल्या आणि कान त्याच रात्री मिठात घालून ठेवायला लावला. तो विम्याच्या कचेरीत रवाना झाला. दोन महिन्यांनी पत्र आलं, कान उजवा की डावा ते नमूद केलेले नाही. आम्ही नमूद केलं. मग तारखेत खाडाखोड निघाली. पैसे आले ते पुढच्या वर्षी, भात झोडून झाल्यावर. दरम्यान पेरणी त्यांनी कशी केली ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

गोष्ट संपली तेव्हा नातू बराच वेळ माझ्याकडे बघत होता. मग त्याचे डोळे चमकले. “म्हणजे तुम्ही बायाजिद्दासारखं पिशवीतून…!”

“अरे, बायाजिद्दा तो मुलगा,” मी म्हणालो. “मी पिशवी.”

मग तो जव्हारला जायचंच म्हणून बसला. गेल्या मे महिन्यात त्याची आई, तो आणि मी, गाडी करून गेलो. जयविलास राजवाडा पाहिला. शिरपामाळावर गेलो, १६६४ साली सुरतेच्या वाटेवर शिवाजी महाराज तिथं थांबले होते असं सांगतात. (“आजोबा, हे मार्कांचं आहे.”) बोहाड्याच्या मुखवट्यांपैकी एक राक्षस विकत घेतला, तो सध्या आमच्या फ्रिजवर आहे. आणि मग मोखाड्याकडे निघालो.

रस्ता आता डांबरी झालाय. पावसाळ्यात इथं अडीच हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो असं मी सुनेला सांगत होतो. कोचाळ्याजवळ मध्य वैतरणेचं धरणही झालंय, २०१४ सालापासून त्याचंही पाणी मुंबईला येतं, हेही सांगत होतो. भूगोल मी रिटायर झाल्यावर केला. तेवढ्यात नातू ओरडला, “आजोबा, ते बघा काय करतायत!”

रस्त्याकडेच्या विहिरीवर टँकर उभा होता आणि त्याच्या जाड नळीतून विहिरीत पाणी ओतत होते. भोवती बायका-मुलींचा वेढा, हातांत दोर आणि कळश्या. पाणी तळाला पोचायच्या आत बादल्या खाली जात होत्या.

“विहिरीत पाणी ओततात?” नातवानं विचारलं. आणि थोड्या वेळानं, “साप कुठं असतो ह्यांचा?”

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. गाडीत प्रत्येकाच्या पायाशी एकेक बाटली होती.

तो पाडा मला सापडला असं छातीवर हात ठेवून सांगत नाही. पाडा होता. काही घरांवर पत्रे, एकावर डिश, सागाची झाडं. तो मुलगा आता पन्नाशी ओलांडून गेला असेल. पारावर त्या वयाचे तीन-चार जण बसले होते. मी उत्साहानं पुढं झालो आणि म्हणालो, “राम राम मंडळी! मी पूर्वी बँकेत होतो. तुमच्या इथं बैलाचं कर्ज…”

पार रिकामा झाला. समोरची दोन दारं लागली. एक कुत्रं तेवढं उरलं, तेही जरा संशयानंच बघत होतं.

नातवानं माझी बाही ओढली. “आजोबा, बँक म्हणू नका. सरळ पाणी मागा.”

मी लागलेल्या दारासमोर उभा राहून म्हणालो, “बाई, जरा प्यायला पाणी मिळेल का?”

दार उघडलं. हातात घासून लखलखीत केलेला तांब्या घेऊन एक म्हातारी बाहेर आली. मी दोन्ही हातांनी तो घेतला. तोंडाला लावणार एवढ्यात नातू टाचा उंच करून माझ्या कानात कुजबुजला,

“पाय धुऊ नका हं.”